तापवाले

“घरात कोनाला ताप हाय? पंधरा दिसांत येऊन गेला काय? पावना कोन आलाय?”

हे तीन प्रश्न, याच क्रमाने आणि एका दमात. हिवताप खात्याच्या माणसाने दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरात जाऊन ते विचारायचे, असा नियम होता. नियम सगळ्यांनाच होता, पण आमच्या या गृहस्थांच्या तोंडात तो कायमचा बसला होता. पोलादपूरला एसटीत चढले की कंडक्टरला विचारत. केस कापून घेताना न्हाव्याला विचारत. डोंगरातल्या वाड्यांवर त्यांचं खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. लहानथोर सगळे त्यांना ‘तापवाले’ म्हणत, आणि मीही तेच म्हणत असे.

माझ्या लग्नाला महाडात आले, ते थेट माझ्या सासऱ्यांसमोर. नमस्कार झाला आणि प्रश्न सुरू. सासरे म्हणाले, “पाहुणे म्हणाल तर आम्हीच.” “मग ताप?” “मागच्या आठवड्यात जरा कणकण होती खरी.” संपलं! अंतरपाट धरायच्या आत सासऱ्यांच्या बोटाला सुई टोचून, काचेवर रक्ताचा थेंब घेऊन, वर कापूस लावून झाला होता. ती काच पुढे मीच तपासली. काही निघालं नाही. पण सासरे नंतर कित्येक वर्षं महाडला यायच्या आधी पत्रात विचारत, “तुमचे ते स्नेही आहेत का तिथे?”

काच मी तपासली, कारण ते माझं कामच होतं. साठ सालाच्या पुढची ही गोष्ट. मी तेव्हा महाडच्या ऑफिसात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत असे. तालुक्यांतून रक्ताच्या काचा येत, मी त्या रंगवून बघत असे आणि रजिस्टरात ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’ असं लिहीत असे. खरं सांगतो, मला त्या कामाचा कंटाळा होता आणि स्वतःच्या अक्षराचा गर्व होता. तापवाले शनिवारी येत. पायात टायरच्या वहाणा, खांद्याला खाकी पिशवी आणि बगलेत काचांची लाकडी पेटी. पाऊस असला की छत्री पेटीवर धरत आणि स्वतः चिंब होऊन माझ्या टेबलाशी उभे राहत. मी वैतागून म्हणे, “अहो, टेबल भिजतंय!” ते दोन पावलं मागे सरत आणि पेटी तेवढी पुढे करत.

आज कोणाला खरं वाटणार नाही, पण त्याआधी भातकापणीच्या दिवसांत घरटी एक तरी माणूस घोंगडीखाली कुडकुडत असे. पोरांची पोटं पानथरीने, म्हणजे तापाने सुजलेल्या प्लीहेने, पुढे आलेली असत. तापवाल्यांची धाकटी बहीण अशाच एका हंगामात गेली. त्याबद्दल ते माझ्याकडे एकदाच बोलले. “दिसाआड ताप यायचा तिला. ज्या दिशी नसंल त्या दिशी पानी भरायची.” एवढं बोलून त्यांनी पेटी बंद केली.

मग डीडीटीचा फवारा आला. डास रक्त पिऊन भिंतीवर बसतो, भिंतीला औषध असलं की तिथेच मरतो, असा हिशेब. वर्षातून एकदा पंपवाली टोळी येई, घराच्या भिंती फवारी आणि दारामागच्या भिंतीवर गेरूने तारीख टाकून जाई. त्यानंतर वर्षभर भिंतीला हात लावायचा नाही. आता आपल्याकडच्या बायांना भिंतीला हात लावू नका म्हणून सांगून बघा! कुडाची भिंत, ती शेणामातीने सारवली नाही तर घर घर वाटत नाही. आणि सारवली की औषध गेलं शेणाखाली. तापवाले दारोदार सांगत, “जमीन सारवा, अंगन सारवा, भिंत नको.” उमरठच्या वर डोंगरात अकरा घरांची एक वाडी होती. तिथल्या एका म्हातारीने त्यांना एकदा विचारलं होतं, “आनी भिंत काय सवतीची हाय रे?” तापवाले हसले, पण भिंत तशीच राहिली. त्या वाडीने त्यांचं ऐकलं. दोन वर्षं तिथली प्रत्येक काच ‘नाही’ निघाली.

तिसऱ्या वर्षी फवारणी झाली आणि पाऊस लागायच्या आत पुण्याहून मोठे साहेब नमुन्याची वाडी बघायला यायचे ठरले. वाडी निवडली तीच. तापवाले आठ दिवस आधी वर जाऊन सांगून आले, “सायब येनार हायत. घरं जरा नीट ठेवा.”

वाडीने घरं नीट ठेवली. अकराच्या अकरा घरं बायांनी आतून-बाहेरून, जमिनीपासून आढ्यापर्यंत सारवून काढली. दारात रांगोळ्या घातल्या. साहेब धापा टाकत वर चढले आणि खूश झाले. “काय स्वच्छता आहे!” म्हणाले. दूध प्यायले. दारामागची तारीख का दिसत नाही हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. मीही होतो त्या लवाजम्यात. मला रांगोळी दिसली.

एका माणसाला सगळं कळलं होतं. ते अंगणाच्या कडेला पेटी घेऊन उभे होते आणि एक शब्द बोलले नाहीत.

श्रावणात एका बुधवारी तापवाले अवचित ऑफिसात आले. हातात एकच काच. “भाऊसायब, ही आधी बगा,” म्हणाले. म्हातारीची नात, सहा-सात वर्षांची पोर. तिचा मामा घाटावर कोळशाच्या भट्टीवर कामाला होता, तो कुडकुडत आला आणि चार दिवस राहून गेला. आता पोर तापली होती. मी काच रंगवली, वाळवली, लावली. बराच वेळ काही दिसेना. मग दिसलं.

“हाय?” त्यांनी विचारलं.

“आहे.”

पोरीला गोळ्या देऊनच ते आले होते. पण बाकावर बसले ते उठेनात. मग सारवणाची सगळी हकीकत त्यांनी सांगितली. मी दार लावून घेतलं आणि म्हटलं, “हे कोणापाशी बोलू नका. मामा ताप घेऊन आला, पोरीला झाला, पोर बरी होईल. मी तेवढंच लिहितो.”

“मग पंप वर कोन धाडील?”

रजिस्टरात वाडी फवारलेली होती. फवारलेल्या वाडीवर त्याच वर्षी दुसऱ्यांदा टोळी पाठवायला कारण लागणार होतं, आणि कारण एकच होतं. ते लेखी दिल्याशिवाय औषध मिळणार नाही, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. बाकीच्या दहा घरांत पोरं होती. पाऊस अजून दोन महिने होता. आणि तापवाल्यांची नोकरी कच्ची होती, घरी चार माणसं खाणारी होती.

“तुमचं अक्षर बरं हाय. लिवा,” ते म्हणाले.

मी लिहिलं. माझी हुशारी अशी की ‘ग्रामस्थांच्या गैरसमजुतीमुळे भिंती सारवल्या गेल्या’ असं सफाईदार वाक्य घातलं. त्यांनी ते वाचायला लावलं. दुसऱ्यांदा वाचायला लावलं.

“गैरसमजूत काढा ती. त्या बायांनी काय केलं? मी सांगितलं म्हनून केलं. आनी मी बगितलं नि गप रायलो. सायबांफुडं तोंड उघडलं नाय. असं लिवा.”

मला राग आला. त्यांच्या भोळेपणाचा आला, की ते खरं बोलत होते याचा, ते आता सांगता येत नाही. मी नवा कागद घेतला आणि ते म्हणाले तसं लिहिलं. खाली त्यांनी वेडीवाकडी सही केली.

आठवड्याच्या आत टोळी वर गेली. तापवाले टोळीसोबत होते. प्रत्येक घरात उभं राहून सांगत होते, “आता मी येऊन सांगंपर्यंत भिंतीला बोट लावायचं नाय.” आणखी दोन पोरांच्या काचांत हिवताप निघाला. तिघंही पोरं बरी झाली. महिनाअखेर तापवाल्यांना कामावरून कमी केल्याचं पत्र आलं. मी लिहिलेल्या त्या कागदाचा उल्लेख त्यात होता. ते मुंबईला चुलतभावाकडे गेले, कुठल्याशा गोदामावर राखणदार लागले, एवढंच पुढे कानावर आलं. पत्ता मी विचारला नाही. तेवढं धैर्य मला नव्हतं.

पुढच्या वर्षी त्या वाडीच्या तपासणीला मला धाडलं. फवारणीला पंधरा दिवस होते. फवारणीच्या आधी भिंती सारवून घ्याव्यात, चांगलं असतं ते. म्हातारीच्या घरात शिरलो आणि थबकलो. भिंतीची माती पोपडे धरून गळत होती, कारवीच्या काटक्या उघड्या पडल्या होत्या, एके ठिकाणी तर बाहेरचं अंगण दिसत होतं. शेजारच्या घरात तेच. अकराही घरांत तेच. दिवाळी गेली, शिमगा गेला, पण कोणी बोट लावलं नव्हतं.

मी म्हटलं, “आजी, अहो, आता सारवायला हरकत नाही. फवारा यायचाय अजून.”

म्हातारीने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. “तुमी सायबाचं मानूस. सायब येनार म्हनून सारवलं, तवाच पोर तापली माजी.”

“अहो, पण मी त्याच ऑफिसातला आहे.”

“आसाल. पन तापवाले सांगून गेलेत, मी येऊन सांगंन म्हनून.” नात तिच्या लुगड्याला धरून उभी होती, चांगली गुटगुटीत. म्हातारीने मला तांब्याभर पाणी दिलं. “त्यांना धाडा. भिंत थांबंल तवर.”

त्यांना कोणी काढलं आणि तो कागद कोणाच्या अक्षरात होता, हे सांगायला तोंड उघडलं होतं मी.

“बरं, धाडतो,” म्हटलं आणि पायवाट धरली.