सात मीटरवरचा माधव

श्यामलाची गोष्ट सांगायची तर सुरुवात माझ्या नाकापासून करावी लागते. २००१ साली माझा नातू अनय दोन महिने आधीच जन्मला. इथं इंग्लंडात, लेस्टरच्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत ठेवलेला. मी पेढ्यांचा डबा घेऊन धावलो, तर वॉर्डाच्या दारात सिस्टर श्यामला उभी.

"अप्पा, आत्ता शिंकलात ना?"

"अगं, फोडणी आठवली म्हणून!"

"घरी जा. आठ दिवस इकडे फिरकू नका."

आपलं मराठी माणूस असून! चार दिवस मी तिच्या नावानं बोटं मोडली. पुढं तिच्याच घरी चहाला जायला लागलो, हेही खरं.

तिचा नवरा माधव शाळेत बायॉलॉजी शिकवायचा. त्यांच्या फ्रिजवर युगांडाच्या जंगलातल्या गोरिलाचा फोटो. रिटायर झाल्यावर दोघांनी तिथं जायचं ठरवलेलं. तिथले नियम माधव पाढ्यांसारखे म्हणायचा: सात मीटरच्या आत जायचं नाही, तासाच्या वर थांबायचं नाही, आणि नुसती सर्दी असली तरी निघायचंच नाही. माणसाची सर्दी त्या जनावराच्या जिवावर बेतते.

"नियम आमच्या हिनंच केलेले दिसतात," म्हणून तो खो खो हसायचा.

२००६ च्या जानेवारीत गोरिला बघायची परमिटं आली. फेब्रुवारीत माधवचा कॅन्सर कळला.

एका उन्हाच्या दुपारी त्यानं मागच्या गार्डनमध्ये टेपनं सात मीटर मोजले. कपड्यांच्या दोरीखाली उभा राहिला, हाडं उरलेली छाती बडवली. "बघ गं, गोरिला नीट दिसतोय का?"

श्यामलानं दुर्बिणीचं चाक फिरवलं. "दिसतोय. दाढी करायला झालाय."

तिथंच तिनं चाकावर वॉर्डातली चिकटपट्टी लावली, सात मीटरवरचा फोकस हलू नये म्हणून.

"मी नसलो तरी जा," तो म्हणाला. "तासभर बघ. माझ्याही वाटचं."

मे महिन्यात तो गेला. ऑगस्टमध्ये ती एकटी निघाली.

परतल्यावर मी विचारलं, "काय मग, भेटला का?"

"त्या दिवशी सकाळी घसा खवखवत होता, अप्पा. जरा नाक वाहत होतं. गाइडनं विचारलं, कुणाला सर्दी-खोकला? पर्समध्ये गोळी होती. घेतली असती तर कुणाला पत्ता लागला नसता."

"मग?"

"हात वर केला."

बाकीचे जंगलात गेले. ही दिवसभर लॉजच्या व्हरांड्यात. संध्याकाळी मंडळी चिखलात लडबडून, हसत आली. एका मुलीनं कॅमेऱ्यात दाखवलं, आईच्या पाठीवर बसलेलं पिल्लू.

"त्यानं एवढंच मागितलं होतं हो," ती म्हणाली.

"पुन्हा जा की!"

तिनं गुडघ्यांवर हात ठेवले. त्या प्रवासातच ते पुरते गेले होते. जिनासुद्धा ती बसून उतरायची.

मग ती उठली. दुर्बीण घेऊन मागच्या दारात उभी राहिली. पट्टी तशीच होती. दोरीकडे बघत राहिली, बराच वेळ. दोरीवर एक कपडाही नव्हता.

तिला जरा हसवावं म्हणून मी म्हटलं, "थांब, मी उभा राहतो तिथं. छाती बडवतो!"

"नको, अप्पा," डोळ्यांवरची दुर्बीण न काढता ती म्हणाली. "तिथं कुणी उभं राहू नका."