नावापुढची बाई

शेवंती परब आमच्या चाळीत राहते. मुलुंडच्या ज्या सोसायटीत मी नळ-पंपाची कामं केली, तिथेच ती मृणालिनीबाईंकडे स्वयंपाक करायची. स्वभाव गोड नाही. कोणी उगाच मधे बोललं तर हातातलं लाटणं थांबवून बघत राहायची. काम मात्र चोख. घावणे करायचे तर पीठ स्वतः वाटणार आणि बिडाचा तवा नीट तापल्याशिवाय पळी उचलणार नाही.

मृणालिनीबाई निवृत्त शिक्षिका. अख्खी सोसायटी त्यांना 'बाई' म्हणते आणि जिन्यात भेटल्या तर बाजूला होते. शेवंतीलाही तिथे 'बाई'च म्हणायचे. एकीला मान म्हणून, दुसरीला तिचं नाव माहीत नव्हतं म्हणून.

तळमजल्यावरचे मारवाडी आजोबा नातीला लाडाने 'बाई' म्हणतात. समोरच्या गुजराती वहिनी कुठल्याही बाईमाणसाला सरसकट 'बाई' म्हणतात. गेटवरचा वॉचमन उत्तरेकडचा. त्याच्या गावात 'बाई' म्हणजे मैफलीत नाचणारी, म्हणून तो शब्द ऐकला की तो गालात हसायचा. शेवंतीला ते कळायचं. तिला तिचा बाप 'बाय' म्हणायचा, मालवणात पोरीला म्हणतात तसं. त्यामुळे इथली हाक तिला जास्तच लागायची.

गुरुपौर्णिमेला बाईंचे जुने विद्यार्थी आले. मीही होतो, मोरीचा नळ गळत होता. घावणे खाऊन एकाने विचारलं, "बाई, कोणी केले हे?"

"आमच्याकडे एक बाई येते," मृणालिनीबाई म्हणाल्या.

शेवंती पळी हातात घेऊनच बाहेर आली. "इतकी वर्षं येते. नाव सांगा माझं."

"अगं, 'बाई'त वाईट काय आहे? मलाही बाईच म्हणतात."

"तुम्हाला 'अहो बाई' म्हणतात. मला 'ए बाई'. मलाही 'अहो' म्हणा."

"वयाने मी मोठी आहे, शेवंती."

"तो वॉचमन माझ्या पोराच्या वयाचा. त्याला तुम्ही 'अहो' म्हणता."

विद्यार्थी ताटात बघत बसले. बाईंचा आवाज वर्गातला झाला. "पाहुण्यांसमोर तमाशा नको. आत जा."

शेवंतीने आत जाऊन गॅस बंद केला. पीठ तसंच ठेवलं, पदर खोचला आणि जिना उतरली. पुन्हा चढली नाही.

पंधरवड्याने तिने सोसायटीच्या पुढच्या गेटाबाहेर हातगाडी लावली. विकायला तेच, घावणे आणि चटणी. सकाळी रांग लागायची. बाईंकडे नवीन माणसं टिकेनात. कोणाची चपाती जाड, कोणी न सांगता सुट्टी घेणार. एकदा बाई काठी टेकत गाडीवर आल्या. रांगेतल्यांनी वाट दिली.

"शेवंती, दोन घावणे दे."

"शेवंतीबाई म्हणा."

"इतकं काय अडलंय तुझं?"

"माझं काही नाही अडलं. आलात तुम्ही."

मागे कोणीतरी हसलं. बाई उभ्याच राहिल्या. तव्यावरचा घावणा झाला, शेवंतीने तो रांगेतल्या पुढच्या माणसाला दिला. आयुष्यभर बाईंनी पोरांना मोठ्यांशी आदराने बोलायला शिकवलं होतं. त्या काठी टेकत परत वळल्या.

संध्याकाळी त्यांचा मुलगा मिहीर आला. "शेवंतीबाई, दोन द्या ना."

"कोणाला?"

"आईला."

"आईला पाठव. दोनाऐवजी चार देईन."

"कशाला ताणता? तिचे गुडघे बघा."

"गुडघे मीच चोळत होते रे. तेव्हा नाव नाही आठवलं तिला."

तो रिकाम्या हाताने गेला.

आता बाई पुढच्या गेटाने बाहेर पडत नाहीत. मागच्या गेटाने निघतात, गटारावरच्या हलत्या फरशीवर काठी आधी टेकून बघतात, मग सोसायटीच्या सगळ्या भिंतीला वळसा घालून पाववाल्याकडे जातात. वाटेत दोनदा टेकतात. या वयात त्याला किती दम लागतो ते मला कळतं. 'शेवंतीबाई' म्हणायला एवढा लागला नसता.

पाववाल्याच्या वळणावर त्या दिसतात तेव्हा शेवंतीही बघते. गाडीजवळ एक स्टूल रिकामं असतं. ते ती पुढे करत नाही.