रंगाखालची कावीळ

माझा थोरला भाऊ सूत रंगवायच्या कारखान्यात पिवळ्या रंगाच्या हौदावर कामाला. उभी हयात तिथंच गेली. हात कोपरापर्यंत पिवळे, नखं पिवळी, रुमाल पिवळा. सगळे त्याला पिवळ्याच म्हणत आणि त्याला त्याचा भारी अभिमान. संध्याकाळी घरी आला की वहिनी ओल्या फडक्यानं त्याचे हात पुसायची. फडकं पिवळंजर्द व्हायचं आणि ती रोज करवादायची, "एक दिवस तरी माणसासारखे हात घेऊन या!"

मग त्याच्या पोटात उजवीकडे कळा यायला लागल्या. डोळे पिवळे दिसले, तर म्हणाला, भुकटी उडते. अंगाला खाज सुटली, तर म्हणाला, रंगाची आहे. लघवी गडद झाली, त्यालाही रंगच. आम्हीही माना डोलावल्या, कारण त्या हौदावरचा कोणता माणूस पिवळा नव्हता? अजूनही माझं डोकं भडकतं. दुसऱ्या कुठल्या घरात शेजाऱ्यांनीसुद्धा कावीळ ओळखली असती.

थंडी वाजून ताप भरला, तेव्हा वहिनीनं त्याचं अंग पुसायला घेतलं. पोट, पाठ, मांड्या, जिथं रंग कधी पोचलाच नव्हता तिथंही तो पिवळा होता. ती फडकं घासत राहिली. काही निघेना. मग तिनं मला हाक मारली, आणि आम्ही त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

सोनोग्राफीत पित्तनळी फुगलेली दिसली. "खडा अडकलाय, मागे पू साचलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तोंडातून दुर्बीण घालून नळी मोकळी करू. पण फार उशीर केलात."

दुर्बीण घातली. पू वाहून गेला. खडा मात्र मोठा निघाला. तो तसाच ठेवून शेजारून बारीक प्लास्टिकची नळी बसवली.

"वाचेल ना?" मी जवळजवळ भांडलेच.

"जंतू रक्तात गेलेत. आज काही सांगता येत नाही."

दादाला शुद्ध नव्हती. वहिनी खाटेशी बसली, बाटलीतल्या पाण्यानं फडकं भिजवलं आणि सवयीनं त्याचे हात पुसायला लागली. ताप आल्यापासून तो कामावर गेला नव्हता. हौदाचा रंग केव्हाच उतरला होता. हात तरीही पिवळेच. ती पुन्हा पुन्हा पुसत होती आणि दर वेळी फडकं उलगडून माझ्यासमोर धरत होती.

"बघा ना वन्सं, थोडा तरी निघालाय का?"

फडकं पांढरंस्वच्छ होतं.