डाव्या खांद्यावरचं फावडं

आईला तिच्या वडिलांचा चेहरा आठवत नाही. ते गेले तेव्हा ती रांगत होती, आणि घरात त्यांचा एकही फोटो नाही. आता सत्तरी ओलांडल्यावर ती अधूनमधून म्हणते, "एक डाव बाप पाहाले भेटला असता." म्हणून मी सुटीच्या दिवशी भंडाऱ्यातल्या एका स्थानिक इतिहासाच्या संग्रहात जाऊन जुने फोटो चाळू लागलो.

साकोली तालुक्याच्या पाकिटात एक फोटो सापडला. मागे आईच्या माहेरच्या गावाचं नाव आणि 'तलावाच्या पाळीची दुरुस्ती' एवढंच. समोर खांद्यावर फावडी घेतलेले सहा जण. आजोबा त्या पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, कामाला होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक. पण सहांपैकी कोणते? चेहऱ्यावरून अंदाज बांधायचा नाही, असं मी ठरवलं होतं. परवानगी घेऊन मोबाइलवर फोटो काढला आणि घरी आणला.

"यातला डेबरा कोणता?" आईने विचारलं. आमच्याकडे डावखुऱ्याला डेबरा म्हणतात, आणि आजोबा डावखुरे होते.

मी पाहिलं. "आई, पाच जणाइचं फावडं डाव्या खांद्यावर हाये."

"पाच? अख्ख्या गावात एकच डेबरा होता. माही माय सांगे, त्याच्या बाजूले कोणी उभं राहे ना, फावड्याले फावडं लागे म्हणून. दुसऱ्या गावचा फोटो आणला गा तू!"

गावाचं नाव तर स्पष्ट होतं. पुढच्या सुटीला भिंग घेऊन पुन्हा बसलो. सहाही जणांच्या सदऱ्यांचे खिसे उजव्या बाजूला, एरवी ते डावीकडे असतात. मागची डोंगरी डावीकडे. मी त्या पाळीवरून कितीदा गेलोय, ती उजवीकडे दिसते. म्हणजे निगेटिव्ह पालथी ठेवून फोटो छापला होता.

संग्रह सांभाळणाऱ्या बाईंना दाखवलं. त्या हसू लागल्या. "अहो, मागच्या प्रदर्शनात हाच मोठा करून लावला होता. कोणी बोललं नाही!"

मोबाइलवर फोटो उलटा केला. डोंगरी जागेवर आली, पाच फावडी उजव्या खांद्यावर गेली. डाव्या खांद्यावर एकच उरलं. कडेला उभा असलेला एक सडपातळ माणूस, मोठे कान, मान किंचित कललेली.

घरी आल्यावर म्हणालो, "आई, हे बहुतेक आजोबा असावेत."

"बहुतेक?"

"नावं लिहिली नाहीत ना फोटोवर."

"बाप का बहुतेक असते, गा?" तिने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "पाह्य, कसा हातभर बाजूले उभा हाये. फावडं लागन म्हणून."

ते अंतर माझ्या नजरेतून सुटलं होतं.

"मोठा करून आणजो," आई म्हणाली. "त्या पाच जणाइले कापू नोको. त्याच्या संगचे लोक होत ते."