आठ दिवस आधी गेलेला नवरा

राणीला काही वाटत नाही. आतून दुःख आहे आणि ती ते लपवते, असला गोष्टीतला प्रकार नव्हे. काही वाटतच नाही. माझ्या मागच्या अंगणात मेथी निवडता निवडता तिनं हे सांगितलं, दुधाचा भाव सांगावा तसं.

"बाई, मला त्यांचा राग न्हाई आन् प्रेमबी न्हाई. पलंगावर गादी आसती, तसं ते आसत्यात."

राणी मलकापूरला माझ्या घरापासून चौथ्या दारात राहते. माहेर कडेगावकडचं, उसातलं. वय एकोणपन्नास. नवरा लालासाहेब फौजेतून हवालदार म्हणून सुटला, त्याला आठ वर्षं झाली. मुलगा विश्वजित शिरवळला कंपनीत असतो, त्याचा संसार तिकडंच. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची, त्यामुळं डॉक्टरपुढं तोंड न उघडणाऱ्या बायका माझ्यापुढं उघडतात. मी सरळच विचारलं, "पाळी गेल्यापासून, का आधीपासून?"

"लय आधीपासनं."

एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. पुढची बावीस वर्षं नवरा फौजेत. वर्षाला दोन महिने सुट्टी, म्हणजे सगळा संसार गोळा केला तरी पावणेचार वर्षं भरत नाहीत. आणि सुट्टीवर आलेला फौजी बायकोच्या वाट्याला येतो कुठं? पहिले दहा दिवस भावकी, मग देवदर्शन, मग कुणाचं तरी लग्न, उसाची लागण, पडलेला बांध. रात्री मधल्या खोलीत सासू. तिला खोकल्याची उबळ यायच्या आत उरकायचं, हे राणीच्या संभोगाचं वेळापत्रक. शब्द ऐकून कुणी दचकलं तर दचको. मूल झालं ते काही नवसानं झालं नाही.

पहिली चार वर्षं तो निघाला की राणी आजारी पडायची. ट्रंक बाहेर काढली की तिला अन्न जायचं नाही. सासू म्हणायची, फौजीच्या बायकोनं रडू नये, अपशकुन होतो. मग राणीनं स्वतःच उपाय काढला.

"सुट्टी संपायच्या आठ दिस आधीच मी त्यास्नी मनातनं गाडीत बसवायची. गेले म्हनायचं. मग घरात फिरतोय तो कोन तरी दुसराच. स्टेशनवर न्हेऊन सोडलं तरी डोळ्यात टिपूस न्हाई. सासू खूश."

"पुढं?"

"आठाचं पंधरा दिस झालं. मग म्हैना. शेवटी शेवटी तर ते आले तरी मी त्यास्नी गाडीतनं उतरवूनच घेतलं न्हाई."

फौजेतून सुटून लालासाहेब कायमचा घरी आला तेव्हा पुढं निघायची तारीख नव्हती. ते राणीच्या अंगाला कुणी कळवलं नाही. अंथरुणात ती उद्याच्या कणकेचा अंदाज बांधायची, आणि बरं वाटल्याचं सोंग वेळेवर करायची. तेवढं तिला जमत होतं.

या फेब्रुवारीत तिच्या बचत गटाला वाईजवळच्या एका शेतघरावर तीन दिवसांच्या जेवणाचं काम मिळालं. फाटकावर फलक होता, 'दांपत्यांसाठी तंत्र-साधना शिबिर'. गटातली रंगुबाई फाटकातच थबकली.

"तंत्र म्हंजे लिंबू, बिब्बा आन् काळी भावली. मी भाकरी थापीन, पर आत ताक द्यायला जानार न्हाई. राणी, तू जा. तुला तर आधीच कुनी करनी करून बांधलंय, आनखी काय हुनार."

राणी ताक घेऊन आत गेली. बारा जोडपी चटयांवर समोरासमोर बसलेली. प्रत्येकाचा उजवा हात दुसऱ्याच्या छातीवर, डोळे उघडे, श्वास एकमेकांच्या लयीत. बास. यापलीकडं काही नाही. शिकवणारी अंकिता नावाची सांगलीची बाई, चाळिशीच्या आतली. जेवणं झाल्यावर भांडी आवरताना राणीनं तिला गाठलं आणि हे काय चाललंय ते विचारलं.

अंकितानं सांगितलं ते राणीला जसंच्या तसं पाठ होतं. बऱ्याच साधनांत देह आड येतो असं मानतात, तंत्रात देहातूनच वाट जाते. संभोगही पूजेसारखा करायचा, म्हणजे घाई नाही, आणि कुठं पोचायचं नाही. पण त्याच्या आधी दोघांनी एकमेकांपुढं हजर व्हायला शिकायचं. म्हणून एकवीस दिवस नुसतं असं बसायचं, बाकी सगळं बंद.

"आन् काय वाटलंच न्हाई तर?"

"तर 'मला काही वाटत नाही' असं त्यांना तोंडावर सांगायचं. वाटल्याचं सोंग केलं की साधना तिथंच मोडली."

असल्या शिबिरांत भामटे पुष्कळ असतात, हे मला कुणी सांगायला नको. पण ही बाई गुण येईल असं म्हणाली नाही. म्हणून मी ऐकून घेतलं.

राणीपुढं वेळ फार नव्हता. घरी बसून लालासाहेब कंटाळला होता. गच्चीवरची टाकी दोनदा रंगवून झाली होती, गल्लीतल्या लोकांच्या मोटारसायकली तो ओळीत लावायला लागला होता. त्याला गुजरातेतल्या एका कारखान्याचं पत्र आलं होतं, सुरक्षा रक्षकांवर देखरेख, हजर व्हायचं पंधरा मार्चला. वर्षातून एकदा सुट्टी. तो राणीला रोज विचारी, जाऊ का?

"'ऱ्हावा' म्हनायला जीभ उचलत न्हाई बाई, आत काय न्हाईच तर कशाच्या जोरावर म्हनू? आन् 'जावा' म्हनलं तर ह्या वयात परत कोन येतंय!"

"मग बस एकवीस दिवस," मी म्हटलं. "नाहीतरी काय करतेस?"

लालासाहेब तयार झाला, कारण त्यात वेळापत्रक होतं. सकाळी साडेपाच, दूधवाला यायच्या आधी. पहिल्या दिवशी तो पाठ ताठ, हनुवटी वर, मनगटावर घड्याळ लावून बसला.

"आवं, सावधानात काय बसलायसा? विश्राम करा."

"श्वास कितीला बदलायचा?"

"बदलायचा न्हाई. माझ्यासंगट घ्यायचा."

"तुझा लय बारीक चालतोय. ऐकायला येत न्हाई."

सहाव्या दिवशी घड्याळ निघालं. दहाव्याला पाठ सैल झाली. राणी रोज दुपारी येऊन मला हजेरी द्यायची, आणि मी रोज विचारायची, "काही वाटलं?" ती म्हणायची, "न्हाई." तेराव्या दिवशी माझंच डोकं फिरलं. तिला म्हटलं, पुरे, बंद कर हा उद्योग. ती म्हणाली, "अजून आठ ऱ्हायल्यात." मग आकडा तिच्या लक्षात आला. चहा न घेताच उठून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्याला सांगितलं.

"आवं, मला काय वाटत न्हाई. आजचं न्हवं. लय वर्सांपासनं न्हाई."

त्यानं तिच्या छातीवरचा हात काढला नाही. म्हणाला, "म्हाईत हाय."

"कवापासनं?"

"आपला इस्वजित तिसरीत हुता तवा. मी सुट्टी संपवून निघालो, फाटकातनं वळून बघितलं. तू गहू चाळत हुतीस. मान वर केली न्हाईस. तवापासनं मीबी सुट्टीत पाव्हन्यागतच ऱ्हायलो."

"मग बोलला का न्हाईसा?"

"पाव्हना काय बोलतोय?"

दारात दूधवाल्यानं दोनदा घंटा वाजवली. कुणी उठलं नाही.

"मग आता जाऊ?" त्यानं विचारलं.

"जाऊ नका."

"आत्ताच म्हनलीस, काय वाटत न्हाई."

"म्हनूनच. काय वाटत आसतं तर जाऊ दिलं आसतं, त्याची सवय हाय मला. आता गेलासा तर गेल्याचं कळनारबी न्हाई."

हे सगळं तिनं मला त्याच दुपारी सांगितलं.

लालासाहेबानं कारखान्याला नकार कळवला. विश्वजित फोनवर चिडला, पप्पा घरी बसून काय करणार म्हणाला. पप्पा साडेपाचला बसतात, हे त्याला कोण सांगणार! एकवीस दिवस संपले त्या दिवशी घरात काहीही घडलं नाही. बाविसाव्या दिवशी दोघं परत बसले. आता मे महिना चालू आहे. पलंगावर अजून कुणी कुणाला हात लावलेला नाही. राणी सोंग करत नाही, आणि तो मागत नाही.

परवा ती दुपारची उन्हातून आली आणि थर्मामीटर मागायला लागली.

"कुणाला ताप?"

"सकाळी त्यांचा हात मला लय गरम लागला."

मी दिला. तासाभरानं ती थर्मामीटर पुसून परत घेऊन आली. ताप नव्हता. अठ्ठ्याण्णव.

"मग गरम का लागला आसंल, बाई?"

"उद्या परत बघ," मी म्हटलं.