शेऱ्याचा रकाना

इथे आखातात, आमच्या रिग्गईच्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर अरुणकुमार भावजी राहतात. इस्पितळाच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहेत. माणूस गरीब गाय, पण त्यांची वही मोठी डांबरट. लॅबने टाकून दिलेलं एक जाडजूड रजिस्टर त्यांनी बावीस वर्षांपूर्वी घरी आणलं आणि ऐकलेलं, वाचलेलं, करून पाहिलेलं सगळं त्यात कोंबायला सुरुवात केली. रजिस्टरला तीन रकाने होते: तारीख, तपशील आणि शेरा. सरकारी इमानाने भावजी आजही ते तिन्ही भरतात.

मी सहा वर्षांपूर्वी इथे आले, तेव्हापासून ती वही चाळणं हा माझा छंद आहे. उचकीवर मिरपूड हुंगणे. शेरा, 'शिंका सुरू, उचकी कायम.' तुळस मे ते सप्टेंबर घरात ठेवणे, शेरा, 'जगली.' जुलैत गाडीच्या डॅशबोर्डवर सांडगे एका दुपारीत वाळतात. शेरा, 'आठवडाभर हिंगाचा वास. प्रभा टॅक्सीने ऑफिसला गेली.' सिव्हिल आयडी, म्हणजे इथलं ओळखपत्र, हरवलं तर आधी कुठल्या खिडकीवर जायचं, हेही आहे. आता ते काम मोबाइलवर होतं, पण भावजी पान फाडत नाहीत. आणि ज्या उपायाने काही होत नाही, तिथे त्यांचा लाडका शेरा ठरलेला: 'फरक नाही.'

वही उलटी करून मागून उघडली की उखाणे लागतात. हे आम्हा बायकांचं गुपित. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला रिग्गईपासून फिंतासपर्यंत ज्या बायका ठसक्यात नवऱ्याचं नाव घेतात, त्यातल्या निम्म्यांचा मजकूर भावजींचा. माझ्या आलोकला आजवर पाच उखाण्यांत बसवलाय त्यांनी, आणि तो एकाही उखाण्याच्या लायकीचा नाही.

फक्त त्यांची स्वतःची बायको त्यांचा उखाणा घेत नाही. दर संक्रांतीला भावजी प्रभाताईंच्या पर्समध्ये एक चिठ्ठी सरकवतात. दर संक्रांतीला प्रभाताई उठतात, "अरुणकुमारांचं नाव घेते," एवढंच बोलतात आणि बसतात. हजेरी दिल्यासारखं. घरी भावजी दारातच विचारतात, घेतलास का? त्या नुसती मान हलवतात. वहीत त्या चिठ्ठ्यांची नोंद आहे, एकाखाली एक दहा, आणि प्रत्येकीपुढे 'फरक नाही.' हसायला म्हणून मी ते पान उघडलं होतं, पण हसू आलं नाही. नवराबायकोत दहा वर्षं काहीतरी अडलेलं होतं आणि या शहाण्या माणसाला निदान सापडत नव्हतं.

ते यंदा मला सापडलं. तिळगुळाचे लाडू वळायला मी प्रभाताईंकडे बसले होते. पाक हाताला चटके देत होता, त्या भरात त्या बोलून गेल्या. अकरा वर्षांपूर्वी भावजींनी त्यांच्यासाठी पहिला उखाणा केला होता:

वाळवंटी मांडला संसार, खिडकीत लावली तुळस,
अरुणकुमारांची साथ हाच सुखाचा कळस.

प्रभाताईंनी तो आपल्या घरच्या हळदीकुंकवाला घेतला, घेताना रडल्यासुद्धा. पुढच्याच शुक्रवारी फिंतासला सरोजिनीताईंकडे गेल्या, तर सरोजिनीताई उठल्या आणि तोच उखाणा धैर्यशीलरावांच्या नावाने म्हणून मोकळ्या झाल्या. त्या घरात तुळस कधी महिनाभरही टिकली नव्हती. बायका प्रभाताईंकडे बघून पदराआड हसल्या. हळदीकुंकवात पुरुष नसतात, त्यामुळे तिथल्या त्या हसण्याचं भावजींना काहीच ठाऊक नव्हतं. आणि प्रभाताईंनी सांगितलं नाही. सांगून मिळवायची ती गोष्ट कसली, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळी लिफ्टमध्ये भावजींना गाठून सगळं सांगितलं. त्यांना पटेना. ते म्हणाले, नाव बदललं की उखाणा बदलतो, चाचणी तीच आणि नमुना वेगळा. मग वर जाऊन त्यांनी वही उलटी उघडली. तुळशीच्या उखाण्यापुढे त्यांच्याच अक्षरात शेरा होता: 'सरोजिनीताईंनाही दिला. उत्तम गेला.'

भावजी खुर्चीत बसले. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि नवीन पान उघडलं. मला असा संताप आला की मी पेन हिसकावून घेतलं. आता पुन्हा वहीत लिहिलंत तर प्रभाताई जन्मात नाव घेणार नाहीत, असं मी त्यांना सुनावलं. मग काय करू, असं त्यांनी केविलवाणं विचारलं.

"तुम्ही घ्या प्रभाताईंचं नाव. बायकांसमोर."

ते घाबरून नाही म्हणाले. मीही मग विषय सोडल्याचं दाखवलं. शुक्रवारी फिंतासला सरोजिनीताईंकडे जाताना मात्र तिळगुळाचा डबा मुद्दाम भावजींच्या गाडीत विसरले आणि ऐन रंगात, खाली गाडीत थांबलेल्या त्यांना फोन केला, डबा घेऊन वर या म्हणून.

ते आले. वीस-पंचवीस बायका, अत्तराचा घमघमाट आणि दारात डबा छातीशी धरलेले भावजी. प्रभाताईंची नाव घ्यायची पाळी नुकतीच झाली होती, नेहमीसारखी हजेरी देऊन त्या बसल्या होत्या. मी भावजींच्या हातून डबा काढून घेतला. लपायला आता काही उरलं नव्हतं. मान खाली घालून ते म्हणाले:

"वहीभर लिहिले उखाणे, एकही नाही कामाचा,
प्रभाचं नाव घेतो, हा एकच माझ्या मनाचा."

नंतर म्हणाले, "तुळस तुझी होती. मी वाटायला नको होती."

सरोजिनीताईंनी घाईघाईने अत्तरदाणीत लक्ष घातलं. प्रभाताई उठल्या, त्यांनी डब्यातला लाडू नवऱ्याच्या हातावर ठेवला आणि एवढंच बोलल्या, "हा उखाणा वहीत लिहायचा नाही."

भावजींनी लिहिला नाही. मला मात्र कुणी बंदी घातली नव्हती, म्हणून मी इथे लिहिला. परवा सवयीने वही चाळली, तर त्या शुक्रवारची तारीख होती आणि तपशिलाचा रकाना कोरा होता. शेऱ्यात प्रभाताईंच्या अक्षरात दोनच शब्द होते: 'फरक पडला.'