कमल सिस्टरची गाण्याची व्हॅन

आमच्याकडे पाहुणा आला की चहाला उकळी फुटायच्या आत विचारतो, "मग, यंदा कुठं गेला होतात व्हॅन घेऊन?" मी एक किस्सा सांगायला घेते, तेवढ्यात आमचे हे आतून ओरडतात, "अगं, तो नको, तो घराण्याचा सांग!" मग घराण्याचा सांगावा, तर त्यातून तिसरा निघतो. पाहुण्याची बस चुकते!

आम्ही मुद्दाम काही करत नाही हो. साठी ओलांडलेली तीन माणसं एका छोट्या व्हॅनमध्ये बसवा, सोबत एक शेगडी द्या आणि गाणं ऐकायला सोडून द्या. किस्से आपोआप येतात. संध्याकाळी डास येतात तसे!

तिघं म्हणजे मी, लोधिवलीच्या प्राथमिक शाळेतली निवृत्त बाई. आमचे हे, रसायनीच्या कारखान्यात कॉम्प्रेसरवर नोकरी करून रिटायर झालेले. आणि आमच्या पुढारी, कमल सिस्टर. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. माझ्या दोन्ही बाळंतपणांना त्याच होत्या. तेव्हापासून मैत्री. त्या मला 'बाई' म्हणतात, मी त्यांना 'सिस्टर'. नावाने हाक मारायची वेळच आली नाही.

*

व्हॅनची मूळ कल्पना सिस्टरचीच. रिटायर झाल्या आणि खोपोलीत ड्रायव्हिंगचा क्लास लावला. शिकवणारा तरुण होता, जरा काळजीतच होता बिचारा.

"मॅडम, या वयात क्लच-गिअर जमेल ना?"

सिस्टर म्हणाल्या, "अरे, मी अडलेली बाळं सोडवलीत. तुझा गिअर काय घेऊन बसलास!"

मग त्यांनी एक जुनी स्कूल व्हॅन घेतली. सीट काढल्या, प्लायवूडचा बेड बसवून घेतला, खाली भांड्यांना खण, खिडक्यांना पडदे, डॅशबोर्डवर छोटी बुद्धमूर्ती. रंग मात्र पिवळाच राहिला. पहिल्या दिवशी चौक गावच्या नाक्यावर एका गृहस्थांनी स्कूटर आडवी घालून आम्हाला थांबवलं. "मावशी, आज लवकर आलात? पोरगी अजून दूध पितेय!"

बेडवर दोनच माणसं मावतात. म्हणून आम्ही दोघी आत आणि हे बाहेर तंबूत. पहिल्यांदा तंबू ठोकताना हे म्हणाले, "लग्न झाल्यापासून घराबाहेर काढायची धमकी देत होतीस. शेवटी खरी केलीस!"

सिस्टरचा मुलगा मिलिंद पनवेलला असतो. त्याला हे काही पटेना. "आई, गाणं ऐक की! पण मी हॉटेल बुक करून देतो ना!"

सिस्टरचे वडील जयंतीला गाणाऱ्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे. घरात गाणं होतं, पण सिस्टरच्या वाट्याला ड्युटी आली. गावात कार्यक्रम असला की नेमकी वॉर्डात पाळी. त्या मिलिंदला एवढंच म्हणाल्या, "आयुष्यभर मी दवाखान्याच्या खिडकीतून गाणी ऐकली रे. आता हॉटेलच्या खिडकीत नको बसवूस."

*

आमचा पहिला फेस्टिव्हल कर्जतच्या पुढे, एका फार्मवर. सगळी तरुण पोरं. गेटवरच्या मुलाने आमची पिवळी व्हॅन बघितली आणि हात केला.

"आजी, ड्रॉप केलंत ना? मग गाडी तिकडून बाहेर काढा."

"अरे बाबा, ड्रॉप आम्हीच झालोय!" सिस्टरनी मोबाइलवरची तिकिटं दाखवली.

तो इतका ओशाळला की स्वतः गाडीपुढे चालत आम्हाला झाडाखालची जागा दाखवायला आला. मग आमच्या मनगटांना कागदी पट्ट्या बांधल्या. सिस्टर आपल्या मनगटाकडे बघतच राहिल्या.

मी विचारलं, "काय झालं?"

"बाई, जन्मभर मी लोकांच्या हाताला पट्ट्या बांधल्या. आज कुणीतरी मला बांधली." आणि मग खुदकन हसून, "तीही ॲडमिट न करता!"

*

आमच्या यांचा किस्सा सांगायलाच हवा. कॉम्प्रेसरच्या आवाजात नोकरी झाली, त्यामुळे दोन्ही कानांना मशीन आहे. लोक म्हणतात, याला कशाला नेता गाण्याला?

त्या फार्मवर डीजे सुरू झाला. आवाज इतका की कपातल्या चहावर लाटा उठायला लागल्या. सिक्युरिटीवाला कानात बोटं घालून उभा. माझं डोकं ठणकायला लागलं. यांनी शांतपणे दोन्ही मशीन काढल्या, खिशात ठेवल्या आणि टाळ्या वाजवत डोलायला लागले.

शेजारी नाचणारा एक मुलगा ओरडला, "अंकल, मस्त ना?"

ओठांवरून यांना कळलं. "एकदम मस्त! माझं बटन माझ्याकडंच हाय!"

हा झाला गमतीचा भाग. पण त्याच हिवाळ्यात आम्ही एका सकाळच्या मैफिलीला गेलो होतो. शास्त्रीय गायन, अगदी हळुवार. मशीनचा सेल उतरत आला होता. तरी हे पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून. जांभई नाही, पाय मोकळे करायला उठणं नाही.

मध्यंतरात मी विचारलं, "तुम्हाला ऐकू तरी येतंय का?"

"थोडं थोडं."

"मग एवढं तल्लीन होऊन काय बघत बसलात?"

"तुझ्याकडं बघतो. चांगलं चाललंय का नाय, बरोबर कळतं."

वर्गभर पोरांना एका नजरेत गप्प करणारी मी, पर्समध्ये उगाच चष्म्याचं घर शोधायला लागले. सिस्टरनी पुढे बघतच आपला रुमाल माझ्या हातात दिला.

*

आता तो घराण्याचा.

घाट चढून पलीकडच्या एका गावी संगीत समारोह होता. आम्ही नेहमीप्रमाणे वेळेच्या बरंच आधी पोचलो. कडक इस्त्रीचा झब्बा घातलेला एक स्वयंसेवक धावत आला. पडदे लावलेली व्हॅन, उतरणाऱ्या तीन वयस्कर व्यक्ती, सिस्टरची पांढरी साडी. त्याचा समज झाला, कलाकारच आले!

"या या, ग्रीनरूम इकडं!" म्हणून त्याने आमची वळकटी उचलली. तीसुद्धा तानपुरा असल्यासारखी, दोन्ही हातांनी, जपून!

आम्हाला वाटलं, इथं ज्येष्ठांची सोय चांगली आहे. आत गाद्या-लोड, चहा, पेढे. हे तर दुसऱ्या पेढ्यापर्यंत पोचले. तेवढ्यात शाल पांघरलेले एक वृद्ध गृहस्थ सिस्टरशेजारी येऊन बसले. नमस्कार-चमत्कार झाले. त्यांनी अदबीने विचारलं, "आपलं घराणं?"

सिस्टरना वाटलं, गाव विचारतायत. "खोपोलीचं."

त्या गृहस्थांनी डोळे मिटले. मान हलवली. म्हणाले, "वा! आता फार थोडे उरलेत."

*

सिस्टर रिटायर झाल्या असं आपण म्हणायचं. त्यांना ते अजून कुणी कळवलेलं नाही!

खालापूरच्या बाजूला एका मोकळ्या माळावर फेस्टिव्हल होता. ऊन मी म्हणत होतं. एका गायिकेची सिस्टर महिनाभर आधीपासून वाट बघत होत्या. कामाला लागल्या की तिचीच गाणी गुणगुणायच्या. ती स्टेजवर यायच्या जरा आधी पाण्याच्या रांगेत एक कॉलेजातली मुलगी धाडकन खाली कोसळली. लोक गोल करून उभे. कुणी फोन काढतंय, कुणी नुसतंच "अरे, पाणी, पाणी!"

सिस्टरचा आवाज मी इतका मोठा कधी ऐकला नव्हता. "सरका मागं! वारा येऊ द्या पोरीला!"

मुलीला उचलून आमच्या व्हॅनमध्ये आणलं. पाय उंच, मानेवर ओला टॉवेल. आयोजकांची ॲम्ब्युलन्स गेटवरच्या गर्दीत अडकलेली. आणि तिकडे टाळ्यांचा कडकडाट झाला. गायिका आली!

मी म्हटलं, "सिस्टर, तुम्ही जा. मी बसते हिच्याजवळ."

"नाडी तुम्ही बघणार, बाई?" त्या जागच्या हलल्या नाहीत. "तो पडदा तेवढा सरकवा."

मी पडदा सरकवला. आवाज आत आला. सिस्टरचा एक हात मुलीच्या मनगटावर आणि दुसऱ्या हाताची बोटं प्लायवूडवर ताल धरत होती.

काही वेळाने मुलीने डोळे उघडले. कुठे आहे, काय झालं, काही नाही. पहिला प्रश्न, "आजी, माझं गाणं मिस झालं?"

"नाय गं. आत्ता कुठं अंतरा सुरू झालाय. पडूनच ऐक."

*

मागच्या वर्षी मात्र आमची व्हॅन कायमची जाणार होती.

सिस्टरच्या छातीत दुखायला लागलं. निदान त्यांनी स्वतःच केलं, मिलिंदला फोनही स्वतःच केला. वेळेवर नेलं, स्टेंट बसवला. मिलिंद दवाखान्याच्या बाकावरून उठला नाही, दाढी वाढलेली, तोंड सुकलेलं. पुढे काही महिन्यांनी डॉक्टरांनी सिस्टरना गाडी चालवायला परवानगी दिली. मिलिंदने नाही दिली!

"आई, घाटात तुला काही झालं तर? बाई काय करतील? काकांना तर हाकसुद्धा ऐकू जाणार नाही!"

त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. गाडी सिस्टरनी घेतलेली, तरी कागदोपत्री त्याच्याच नावावर. त्याने गिऱ्हाईकही शोधलं. गणपतभाऊ, कर्जतकडच्या डोंगरपायथ्याच्या गावातले भाजीवाले. मिरची, वांगी बाजारात न्यायला त्यांना गाडी हवी होती. पण ते रविवारी गाडी बघायला यायचे आणि रविवारी गाडी घरी नसायची! सिस्टर कधी या गावी, कधी त्या.

शेवटी मिलिंदने आम्हाला गाठलंच. कर्जतजवळ नदीकाठच्या मैदानावर दिवसभराचं लोकसंगीत संमेलन होतं, सगळ्यांना मोकळं. तो गणपतभाऊंना घेऊन थेट तिथे आला. त्यांना व्हॅनजवळ उभं केलं आणि किल्ली घ्यायला मांडवात शिरला. आम्ही पुढेच सतरंजीवर बसलो होतो.

"आई, किल्ली दे."

सिस्टरनी डोळे उघडलेच नाहीत. ओठांवर बोट ठेवलं आणि जराशा सरकून बसल्या. मिलिंद उभाच. मागून लोक ओरडले, "ओ साहेब, खाली बसा! दिसत नाय!" बसला बिचारा.

तो येईना म्हणून थोड्या वेळाने गणपतभाऊ शोधत आले. त्यांनाही मागून तेच, "ओ दादा, खाली बसा!" तेही बसले.

स्टेजवर एक म्हातारे शाहीर डफ घेऊन उभे होते. आवाज फाटलेला, पण काय ताकद! ते वरच्या सुराला गेले की सिस्टरचा हात वर जायचा, "वा!" पुन्हा वर गेले की पुन्हा, "वा!" मिलिंद आधी घड्याळ बघत होता. मग स्टेजकडे. मग बराच वेळ आईकडे. गणपतभाऊ तर मांडी ठोकून ताल धरत होते.

उन्हं उतरली, कार्यक्रम संपला. सगळे व्हॅनपाशी आलो. आता भांडण होणार म्हणून मी यांचा दंड धरून उभी. पण सिस्टरनी वाद घातला नाही. डॅशबोर्डवरची मूर्ती उचलून पदरात घेतली. पर्समधून किल्ली काढली आणि स्वतःच गणपतभाऊंच्या हातात ठेवली.

"दुसऱ्या गिअरला जरा अडते. जोर करू नका, हळू घाला. बाकी लई गुणाची हाय."

आणि त्या बाजूला होऊन नदीकडे बघत राहिल्या. मिलिंद खाली मान घालून उभा.

गणपतभाऊंनी गाडीला एक फेरी मारली. दार उघडून बेड बघितला, भांड्यांचे खण बघितले. बसून इंजिन चालू केलं, कान देऊन ऐकलं, बंद केलं. खाली उतरले आणि किल्ली मिलिंदच्या हातात दिली.

"नाय जमनार, दादा."

मिलिंदने विचारलं, "का हो? इंजिनमध्ये काही आहे का?"

"इंजिन बेस हाय."

"मग भाव जास्त वाटतो?"

"भाव बी बराबर हाय."

"मग अडलंय कुठं?"

गणपतभाऊंनी डोक्यावरची टोपी नीट बसवली. म्हणाले, "मी गाडी नेली, तर मावशी पुढल्या येळी येतील कशानं?"